चुकलं, इमरती आणा

आई गल्लीच्या तोंडाशी उपड्या बादलीवर बसली होती. तिच्यापुढे आमचा निळा ड्रम, त्याच्यापुढे मालनबाईंचा, मग आणखी ड्रम, घागरी, रंगाचे रिकामे डबे, अशी रांग थेट किराणा दुकानापर्यंत गेलेली. मी स्कूटी बाहेर काढली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं आणि रांगेत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पाण्याच्या रांगेतल्या बायका बोलेनाशा झाल्या की समजावं, आशा संपली आहे आणि आता नुसता हट्ट बसून आहे. “आई, आपला टँकर आज नाही, उद्या आहे,” मी म्हटलं. आईने मान वर न करता पदराखालचा मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. “मेसेज आलाय. वाच. तुझ्याच हापिसातून आलाय नव्हं?” मी वाचलं. आज सकाळी टँकर येईल, ड्रम तयार ठेवा. खाली आमच्या ऑफिसचं नाव. मालनबाई, आमच्या शेजारीण, मला ऐकू जाईल अशा बेताने हवेत बोलल्या, “आमी काय रिकाम्या हावोत का बाई, सकाळधरनं हितं बसायला?” मी म्हटलं, कुणाचं तरी चुकलं असेल. “काय चुकलं?” आई म्हणाली. मला काय माहीत, म्हटलं, चुकलं असेल काहीतरी. “काहीतरी म्हंजी काय? चुकलं तर काय चुकलं ते सांगावं मानसानं. नुसतं चुकलं चुकलं कोन बी म्हनंल.” एवढं बोलून तिने मोबाइल पुन्हा पदराखाली घेतला आणि मी काही उत्तर द्यायच्या आत रस्त्याकडे बघायला लागली. टँकर येणार नाही हे तिला कळलं होतं. तरी ती उठली नाही.

मुकुंदवाडीहून गारखेड्यात येईपर्यंत ते वाक्य माझ्या मागे बसून आलं. या शहरात नळाला पाणी कधी येईल हे नळालाही ठाऊक नसतं, म्हणून गल्ल्यागल्ल्यांनी टँकर लावलेत. आमच्याकडे येणारे टँकर नानासाहेबांचे. विहिरी त्यांच्या, टँकर त्यांचे, आणि कुठल्या भागात कधी टँकर जाणार ते लोकांच्या मोबाइलवर कळवणारं ऑफिसही त्यांचंच, गारखेड्यातल्या त्यांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. त्या ऑफिसात मी काम करते, मेसेज टाकणाऱ्या पोरापोरींवर देखरेख माझी. मेसेज जातात ते ‘पाठव’ नावाच्या एका प्रोग्रॅममधून. बटणं नाहीत, चित्रं नाहीत, काळा पडदा आहे आणि त्यावर एक ओळ लिहायची असते: पाठव, मग दोन आडव्या रेघा देऊन कुठे, पुन्हा दोन रेघा देऊन केव्हा, आणि शेवटी मजकूर. ओळ बरोबर असली तर मेसेज हजारो मोबाइलवर जातो. चुकली तर काय होतं, ते सांगते.

ऑफिसात शिरले तर सगळे फोन एकदम वाजत होते. मुकुंदवाडी, सातारा परिसर, पडेगाव, हर्सूल, सगळीकडे रांगा. कुठल्यातरी एका भागाला जायचा मेसेज सगळ्या शहराला गेला होता. तनुजाची खुर्ची रिकामी होती. तनुजा म्हणजे दोन महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी, पैठणच्या पलीकडून रोज पहिल्या एसटीने येते, सकाळचे मेसेज तीच टाकते, केसांना तेल, डब्यात चटणी-भाकरी, आणि बोलताना आधी समोरच्याचा चेहरा वाचून घेते. ती गच्चीच्या जिन्यात बसून आहे असं कुणीतरी खुणेने सांगितलं. मी तिच्या खुर्चीवर बसले. पडदा तसाच होता, कुणी काही पुसलं नव्हतं, आणि त्यावर एकाखाली एक ओळी होत्या. तिने लिहिलं होतं, पाठव, दोन रेघा, वस्ती, गारखेडा. त्याखाली उत्तर: चुकलं. इमरती आणा. तिने लिहिलं होतं, दोन रेघा, वॉर्ड, गारखेडा. चुकलं. इमरती आणा. दोन रेघा, एरिया, गारखेडा. चुकलं. इमरती आणा. दोन रेघा, कॉलनी. चुकलं. इमरती आणा. मग तिने तो ‘कुठे’चा भागच काढून टाकला होता. नुसतं पाठव, सकाळ आणि मजकूर. त्याखाली एकच शब्द होता: पाठवलं. मी तो शब्द बघत राहिले. लहान चुकांना ते हसलं होतं. घोडचूक झाली तेव्हा मात्र गप्प बसून हुकूम पाळला होता.

इमरतीचं सांगायला हवं. ‘पाठव’ लिहिलं ऋतुराजने, नानासाहेबांच्या भाच्याने. मुलगा वाईट नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्याच्यावर माझा राग निघेल तेव्हा कुणी मला मध्येच थांबवणार नाही. हुशार आहे, कुणाच्याही मशीनचं काम अडलं तर उठून येतो, चहाचे कप उचलतो. तर त्याने प्रोग्रॅम लिहिला तेव्हा चुकलेल्या ओळीला काय उत्तर द्यायचं हा प्रश्न आला, आणि त्याने गंमत म्हणून लिहून टाकलं, चुकलं, इमरती आणा. पहिल्यांदा ते पडद्यावर उमटलं तेव्हा ऑफिसात हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्याच्याकडून ती ओळ उमटली त्याने दुसऱ्या दिवशी गुलमंडीवरून खरोखरच इमरती आणली, गरम, पाकाने ओथंबलेली, आणि प्रथा पडली. मग ऋतुराजने आणखी एक सुधारणा केली: जो चुकेल त्याचं नाव आपोआप ऑफिसच्या ग्रुपवर जायला लागलं, पुढे इमरतीचं चित्र. लोक टाळ्यांची चित्रं टाकायचे. मीही खाल्ली इमरती, त्यात लपवण्यासारखं काही नाही, इमरती चांगली असते. पण खाता खाता माझ्या लक्षात यायला लागलं की आणणारे तेच ते आहेत. वैजापूरकडचा गोकुळ, कन्नडची मोनिका, आता ही पैठणची तनुजा. ऋतुराजने कधी आणली नाही. आणणार कसा? भागाला ‘झोन’ म्हणायचं हे त्याच्या जिभेवर आलं म्हणून तिथे ‘झोन’ आहे. त्याच्या जिभेवर जे येतं ते बरोबर आणि बाकीच्यांच्या जिभेवर येतं त्याची इमरती. वस्तीला वस्ती म्हणणारी पोरगी आपल्या गावात जन्मभर बरोबर होती, ती गारखेड्याचा जिना चढली आणि चुकीची झाली.

टाळ्यांचं म्हणाल तर मला टाळ्या सहन होत नाहीत. कुणाचा वाढदिवस असला, केक कापला की मी हातात कागदी प्लेट धरून ठेवते, म्हणजे हात मोकळे राहत नाहीत. सातवीत आम्हांला गणिताला एक मास्तर होते. फळ्यावर बोलवायचे, गणित सोडवायला लावायचे, आणि चुकलं की काय चुकलं ते सांगायचे नाहीत. वर्गाकडे वळायचे आणि म्हणायचे, वाजवा. सगळा वर्ग टाळ्या वाजवायचा. मारायचे नाहीत हो, कधी बोट लावलं नाही कुणाला, त्यामुळे घरी येऊन सांगितलं तर लोक म्हणायचे, चांगले मास्तर आहेत की. मी फळ्यापाशी उभी होते, हातात खडू, खडूची पूड घामाने बोटांना चिकटलेली, माझ्यापुढे माझंच लिहिलेलं गणित, आणि मागे टाळ्या. मी प्रत्येक पायरी पुन्हा वाचली. कुठे चुकलं ते सापडेना. मास्तर म्हणाले, जा जागेवर. मी गेले नाही. धीट होते म्हणून नव्हे, मला खरोखर बघायचं होतं कुठे चुकलंय ते. तास संपेपर्यंत मी तिथे उभी राहिले, दुसऱ्या मुलांनी माझ्या बाजूला येऊन आपापली गणितं सोडवली, आणि घंटा झाल्यावर मास्तरांनी डस्टर घेऊन फळा पुसला. त्या गणितात काय चुकलं होतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. पोटापाण्याला लागले, वडील गेले, केस पिकले, पण अजून कधी भाजी निवडताना ते समीकरण डोळ्यापुढे येतं आणि मी त्याच्या पायऱ्या उतरते आणि खाली पोचत नाही.

आणि घरी आई. भामाबाईंनी, म्हणजे आईने, शिवलेले ब्लाउज म्हटलं की आमच्या गल्लीत बायका वाट बघतील पण दुसरीकडे टाकणार नाहीत. मला शिवायला शिकवलं तिने, आणि तिची जीभ काही गोड नाही. “डोळे काय पितळंचे हायेत का गं?” ही तिची सुरुवात. पण त्याच्या पुढचं वाक्य असायचं: “ह्या काखंपासून चार बोटं उसव. तितं कापड वढलं गेलंय. बाकीचं ऱ्हाऊ दे, बाकीचं चांगलंय.” शिवी देऊन झाली की बोट जागेवर ठेवायची. तिच्या हाताखाली मी रडले पुष्कळ, पण कधी फळ्यापाशी उभी राहिल्यासारखी राहिले नाही. बाकीचं चांगलंय, हे ऐकलं की माणूस उरलेलं सगळं उसवायला जात नाही. तनुजाला कुणी म्हणालं असतं की तुझं गारखेडा चांगलंय, तुझी सकाळ चांगलीय, फक्त वस्तीच्या जागी झोन लिही, तर तिने ‘कुठे’चा भागच उसवून टाकला नसता. आणि आई रस्त्याकडे बघत बसली नसती.

मी जिन्यात गेले. तनुजा गच्चीच्या दाराशी गुडघे जवळ घेऊन बसली होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत. रडून झालं असावं, चेहरा कोरडा होता. “मला का नाही विचारलंस?” मी म्हटलं. हे म्हणताना माझा आवाज मास्तरांसारखा लागला असेल का, असं वाटून गेलं. “ताई, ह्या आठवड्यात दोनदा आनली इमरती,” ती म्हणाली. “गिरुपवर नाव आलं की सगळे इकडं बघून हासतेत. म्या म्हनलं, अजून एकदा करून बघू, ह्या बारीनं बरोबर ईल. मग ते काढून टाकलं तर त्ये इमरती म्हनलं न्हाई. मला वाटलं, जमलं.” जमलं. तिला आनंद झाला होता. सगळ्या शहराला खोटा मेसेज गेला त्या क्षणी ती पोरगी खूश झाली होती, कारण तिच्यावर कुणी हसलं नव्हतं. “काढून टाकतेत का मला?” तिने विचारलं. नानासाहेब दुपारी येणार होते. त्यांची एक रीत आहे, कुणाला काढायचं असलं की त्याच्या वरच्या माणसाने सगळ्यांसमोर तोंडाने सांगायचं की याने काय केलं, मग ते काढतात. म्हणजे मी सांगायचं होतं. “माहीत नाही,” मी म्हटलं. ती म्हणाली, “घरी सांगितलेलं न्हाई अजून की चुकते म्हनून. बापाला वाटतंय लई हुशार हाय पोरगी.”

मी खाली आले आणि माझ्या मशीनवर ‘पाठव’ उघडला. आतून उघडला, जिथे तो काय बोलणार ते लिहिलेलं असतं; ऋतुराजशिवाय तेवढं मलाच येतं. ती ओळ शोधायला वेळ लागला नाही, मोठ्या हौसेने लिहिलेली ओळ होती ती. मी ती खोडली. माझ्या मनात राग होता आणि राग असताना हात फार स्थिर चालतात असा माझा अनुभव आहे. मी लिहिलं की माणसाने जो शब्द दिला तो आधी जसाच्या तसा त्याला परत दाखवायचा, म्हणजे त्याला कळेल की आपलं म्हणणं ऐकलं गेलं. मग सांगायचं की इथे कुठला शब्द चालतो. चालणाऱ्या जागा सगळ्या लिहून दाखवायच्या, कुणी पाठ करून यावं ही अपेक्षा ठेवायची नाही. ‘कुठे’ लिहिलंच नसेल तर सगळीकडे पाठवून मोकळं व्हायचं नाही, थांबायचं आणि विचारायचं. आणि शेवटी एक वाक्य. ते लिहिताना मी थांबले, आईचं बोट मला दिसलं, काखेपासून चार बोटांवर ठेवलेलं. ते वाक्य लिहिलं आणि ग्रुपवर नाव पाठवणारा भाग काढून टाकला. प्रोग्रॅममधून असं काही काढायचं तर आधी ऋतुराजला विचारायचं, असा नियम आहे. मी विचारलं नाही. मोजून मापून, दोनदा तपासून, चालवून बघून, सगळ्यांच्या मशीनवर चढवून दिलं.

ऋतुराजला तरी कळलंच. तो माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. “ताई, कायकू इतना सीरियस लेते? मजाक था वो. सगळ्यांना आवडायचं.” मी म्हटलं, सगळ्यांना म्हणजे कुणाला? तो हसला, मग हसायचा थांबला. “उसने एकदा पूछना था ना. गलती तो उसकी है.” “आहे,” मी म्हटलं. “चूक तिची आहे. पण काय चूक आहे हे तुला माहीत होतं, तुझ्या प्रोग्रॅमला माहीत होतं, आणि तिला सोडून सगळ्यांना हसायला येत होतं.” काच पुसल्यासारखा हात त्याने टेबलावरून फिरवला आणि गेला. मला वाटलं आता तो सगळं परत पूर्वीसारखं करेल. करू दे, मी पुन्हा खोडेन. माझं सगळं शिक्षण उसवण्यात गेलंय.

दुपारी नानासाहेब आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गाडीची किल्ली बोटात. पंख्याखाली उभे राहिले, बसले नाहीत, ते उभे राहिले की सगळे उभे राहतात. तनुजाला जिन्यातून बोलावून आणलं. ती माझ्यापासून दोन हात लांब उभी राहिली. “हां, सुलेखाबाई,” ते म्हणाले, “सांगा. काय केलं या पोरीनं? दिवसभर लोकाइच्या शिव्या खातोय म्या.” मी म्हटलं, “तिने विचारलं.” “कुनाला इचारलं?” “‘पाठव’ला. परत परत विचारलं की भाग कसा लिहायचा. ते म्हणालं, इमरती आणा.” कुणीतरी फिस्सकन हसलं. वाईट हेतूने नाही, सवय होती. ऋतुराज म्हणाला, “नानामामा, बाकी सबको जमता है. नाचता येईना अंगण वाकडं.” “अंगण वाकडंच आहे,” मी म्हटलं, “मी आत्ता बघून आलेय.” नानासाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग भाच्याकडे, मग त्या पोरीकडे. माणूस बेरकी आहे पण दुष्ट नाही, उगाच कुणाच्या पोटावर पाय देत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. “जाऊ द्या,” ते म्हणाले. “पयलीच खेप हाय पोरीची. न्हाई काढत. उद्या सगळ्याइला इमरती आन, मला बी आन, अन् इषय संपला. काय?”

सगळ्या हॉलने श्वास सोडला. खुर्च्या सरकल्या, कुणी हसलं, गोकुळ म्हणाला, दोन दोन आण गं. तनुजा मान हलवत होती, “आनते साहेब, उद्याच आनते, सकाळी येतानीच,” आणि तिच्या चेहऱ्यावर तेच आलं होतं, जमलं. मोनिकाने गमतीने टाळी वाजवली. एकच टाळी. आणि मी फळ्यापाशी होते. खडूचा वास आला मला, खरंच आला, आणि बोटांना ओली पूड लागली, आणि मला कळलं की आता मी जागेवर गेले तर सगळं गोडीगुलाबीने संपेल, पोरीची नोकरी राहील, मी काही गमावणार नाही, आणि उद्या पाकाने ओथंबलेला खोका येईल आणि मी त्यातली एक उचलेन. “नाही,” मी म्हटलं. “ती आणणार नाही.” हसू जिथल्या तिथे थांबलं. नानासाहेब म्हणाले, “क्काय?” तनुजा माझ्याकडे वळली. त्या पोरीने आजवर माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं, डोळ्यांत नुसता राग. “आनू द्या ना ताई,” ती हळूच पण दात दाबून म्हणाली. “नौकरी ऱ्हातीय माझी. तुमचं काय जातंय?”

खरं होतं. माझं काय जात होतं? भीती वाटत होती, ती मी लपवत नाही. माझ्या हट्टापायी दुसऱ्याच्या पोरीचं नुकसान करायचा मला काय अधिकार? मास्तरांपुढे उभी राहिले तेव्हा फक्त माझा तास बुडाला होता. पण त्याच वेळी मला असंही दिसलं की ती इमरती तिने एकदा आणली की ती जन्मभर आणत राहील. इथे नाही तर दुसरीकडे. सासरी आणेल, बँकेत आणेल, दवाखान्यात आणेल. काय चुकलं ते न कळता हसत हसत खोका पुढे करत राहील, आणि खाणारे म्हणतील, मनाने चांगली आहे हो. माझा आवाज चढला, चढू दिला. “माझं जातंय,” मी म्हटलं. “साहेब, माफी नको. चूक झाली, तिला कळली, उद्या होणार नाही, एवढं पुरे आहे. चुकल्यावर काय चुकलं ते सांगायला हवं होतं, ते आजपासून ‘पाठव’ सांगेल. मी बदललंय त्याला.” “कुनाला इचारून?” “कुणालाच नाही.” मी पुढे बोलत राहिले. “ज्याला इमरती खायची त्याने आपली आणावी आणि पोटभर खावी. दुसऱ्याच्या चुकीची कुणी खायची नाही. हे चालत नसेल तर तिच्याबरोबर मलाही काढा. पण मग मी इथून थेट मुकुंदवाडीला जाईन आणि तिथे रांगेत ज्या बायका बसल्यात त्यांना सांगेन टँकर का आला नाही. त्यांना कुणीच सांगितलेलं नाही अजून. त्या रांगेत माझी आई आहे.”

नानासाहेबांच्या बोटातली किल्ली फिरायची थांबली. “तुमची आई?” “हो. सकाळपासून. उपड्या बादलीवर.” त्यांना काय आठवलं, काय दिसलं, मला माहीत नाही आणि मी त्यांच्यासाठी अंदाज करणार नाही. रागही असेल, मोठा असेल, तो मला पुढच्या महिन्यात कधीतरी दिसेल. मग ते कुणाकडेच न बघता म्हणाले, “विहिरीवर फोन लावा. मुकुंदवाडीला एक गाडी आत्ता सोडा म्हनावं. अन् मेसेज टाका तिकडं, की गाडी निगाली, उठू नका.” आणि हाताने तनुजाच्या खुर्चीकडे दाखवलं. “ही पोरगी टाकंल. बगू तरी तुमचं अंगन सरळ झालं का.”

तनुजा बसली. तिच्या मागे नानासाहेब, त्यांच्या मागे सगळं ऑफिस. अक्षरं एक एक पडत होती. मला तिच्या खांद्यावरून पडदा दिसत होता. पाठव. दोन आडव्या रेघा. आणि मग, सवय ती सवय, भीती ती भीती, तिने लिहिलं: वस्ती, मुकुंदवाडी. मला वाटलं ओरडून सांगावं. सांगितलं नाही. तिने कळ दाबली. माझ्यामागे लोकांनी श्वास धरला, हसायच्या तयारीत धरतात तसा, कारण त्यांचे कान अजून इमरतीकडे होते. पडद्यावर उमटलं:

“वस्ती” हा शब्द इथे चालत नाही. त्याच्या जागी “झोन” लिहा. मुकुंदवाडी बरोबर आहे. अजून कुणालाही काही पाठवलेलं नाही. एवढं नीट करा, बाकीचं राहू द्या, बाकीचं चांगलं आहे.

कुणी हसलं नाही. हसायला काही नव्हतंच. तनुजाने ते वाचलं, ओठ हलवत वाचलं, मग पुन्हा वाचलं. तिचे खांदे खाली आले. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण तिची मान ताठ झालेली दिसली, आणि मग त्या हॉलमध्ये, जिथे आजवर लोक चूक झाली की खुर्चीत बुडायचे आणि पडदा हाताने झाकायचे, तिथे ती पोरगी पार गच्चीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, “चुकलं माझं!” नानासाहेब दचकले. “आता काय चुकलं?” त्यांनी विचारलं, मला विचारलं, आणि मी तोंड उघडणार तोच तनुजा मागे वळूनही न बघता म्हणाली, “ते हितं लिहिलंय साहेब. थांबा जरा, करते नीट.”